मी रचलेला राखणदार

"साहेब, या फणसाखालून आमच्या वाडीचा राखणदार फिरतो. खांद्यावर घोंगडी, पावलं सुपाएवढी! इथं कुदळ मारील त्याचा हातच लुळा पडतो."

"आजी, खरंच?"

रिफायनरी वाढवायला आलेला मॅनेजर माझ्या अंगणात नकाशा पसरून बसला होता. नवी पाइपलाइन नेमकी माझ्या फणसावरून जाणार होती, म्हणून मी चहासोबत ही थाप मारली. बिचारा चहा प्यायचाच विसरला.

आठ दिवसांत त्यानं नकाशावरची लाल रेघ हलवली. आता ती शेजारच्या शेवंतीच्या विहिरीवरून जाते.

काल शेवंती नारळ घेऊन आली. "वयनी, तुझो राखणदार जागृत आसा गो! माझ्या विहिरीसाठी गाऱ्हाणां घाल. तो तुझांच ऐकता."

चाळीस वर्षं मी त्याच विहिरीचं पाणी पितेय. साहेबाचा चहासुद्धा त्याच पाण्याचा होता.

मी नारळ हातात धरला. "बा राखणदारा," एवढं म्हटलं, आणि जन्मात पहिल्यांदाच मला पुढचं काही रचता येईना.

शेवंती मात्र डोळे मिटून, गाऱ्हाण्याला द्यायची साथ देत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"