दुसरी मूठ

टीव्हीवर मंत्री लोकसभेत पत्र वाचू लागले, तेव्हा नित्याची मूठ तांदळाने भरलेली होती. ती तशीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"कावेरीकाठची एक शेतकरी भगिनी लिहिते," मंत्री हिंदीत सांगत होते, खाली तमिळ अक्षरं सरकत होती. "रोज भात शिजवण्याआधी मी मूठभर तांदूळ मठासाठी बाजूला काढते. कंपनीची कोठारं आली, की दोन मुठी काढीन."

झोपाळ्यावर बसलेल्या सासऱ्यांनी, व्यंकोबांनी, आवाज वाढवला. या घरातही रोजची मूठ पितळी डब्यात पडे. डबा भरला, की ते स्वतः कुंभकोणमहून बसने मरुदानल्लूरच्या भजनमठात नेऊन देत.

"आपल्या इथल्या मराठी लोकांतलीच कुणी बाई दिसते," ते म्हणाले. "बाहेरच्याला हे सुचायचं नाही."

पत्र नित्यानेच लिहिलं होतं. चेन्नईच्या एका एजन्सीसाठी, लेकीला, दिव्यश्रीला, मांडीवर निजवून, एका आठवड्यात अशी चाळीस पत्रं. नावं-गावं तिकडून आली होती, मजकूर तिचा. धान्य विधेयकाला पाठिंबा द्यायचा, जरा घरगुती काहीतरी घाला, एवढंच सांगितलं होतं. मागे कोण आहे, हे तिने विचारलं नव्हतं. सूचनांच्या कागदावर कोपऱ्यात एक निळं चिन्ह होतं. तेच आता वाहिनीच्या कोपऱ्यात, कोठारवाल्या कंपनीच्या नावाशेजारी, चमकत होतं.

तेवढ्यात चंद्रमौली आला. तिरुविडैमरुदूरला व्यंकोबांच्या शेताला लागून त्याचं शेत. हातात हरकतीचा कागद होता. विधेयक झालं, की सरकारी भातखरेदी बंद, मग कंपनी म्हणेल तो भाव, हे त्याने पुन्हा एकदा समजावलं. व्यंकोबांनीच त्याला बोलावलं होतं. पण आता त्यांचं पेन खिशातच राहिलं.

"काल तर सही करतो म्हणालात, मामा," तो तमिळमध्ये म्हणाला.

"काल आपल्या बायकांना काय हवंय ते ठाऊक नव्हतं."

"टीव्हीवरचं पत्र खरं कशावरून?"

"मठाची मूठ कुणी खोटी सांगेल?" व्यंकोबा वळले. "नित्या, तू शिकलेली. तूच सांग याला. असं पत्र कुणी खोटं लिहील?"

दोघंही तिच्याकडे पाहत राहिले. दिव्यश्रीने तिचा पदर ओढला.

"कुकर लावायचा राहिलाय, मामंजी," नित्या म्हणाली आणि आत गेली.

बाहेर कागदाची घडी झाल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग फाटकाचा.

"नित्या," झोपाळ्यावरून हाक आली, "आजपासून आपणही दोन मुठी घालू."

दिव्यश्री लगेच स्टुलावर चढली. तांदळात हात घालून तिने इवलीशी मूठ भरली, पितळी डब्यात रिकामी केली आणि आईकडे पाहिलं.

"आता तुझी."

नित्याने डब्यावर मूठ उघडली. घामाने भिजलेले तांदूळ तळव्याला तसेच चिकटून राहिले.

"अम्मा, पडत नाहीत," दिव्यश्री म्हणाली.