खोटं टोकन

दीपमालानं मोबाइल पीएच.डी.च्या मार्गदर्शकांपुढे ठेवला. पडद्यावर कापूस खरेदीचं टोकन होतं, हुबेहूब खऱ्यासारखं, पण तिनं घरी बनवलेलं. खऱ्या टोकनांवर नक्कल होऊ नये म्हणून सरांनी तयार केलेला गुप्त संकेत असायचा. त्यावरच्या सरांच्या शोधनिबंधाचा शेकडो संशोधकांनी संदर्भ दिला होता. तो संकेत तिनं फोडला होता आणि कसा फोडला, ते आपल्या निबंधात लिहिलं होतं. "काहून माह्या मुळावर उठून राह्यली, पोरी? हे छापलं तर तुह्या प्रबंधावर मी सही करत नाही." "व्यापारी अशीच खोटी टोकनं दाखवून पुढे जाऊन राह्यले, सर. माह्या बाबाची कापसाची गाडी सोमवारपासून आर्णीच्या खरेदी केंद्रावर रांगेत उभी हाय." "बाबाले सांग, जरा दम धर." तिनं लॅपटॉप उघडून निबंध नियतकालिकाकडे पाठवला. सर ताडकन उठले. ती म्हणाली, "घाबरता कायले? मीबी तुमच्याच निबंधाचा संदर्भ देल्ला. तुमचा आकडा एकानं वाढला."