परतीचं वजन

कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलण्यात कानिफनाथची वीस वर्षं गेली होती. वर बसलेल्या माणसानं सकाळी मिसळ हाणली की नुसते पोहे खाल्ले, हे आपले तळहात सांगतात, अशी त्याची बढाई असे. ती फारशी खोटीही नव्हती.

पुणतांब्याला शूटिंगसाठी नदीकाठी ट्रॉलीचे रूळ मांडून झाले, तेव्हा कॅमेरामन शौनक हसत म्हणाला, "काका, आज एक जरी धक्का बसला, तर उद्यापासून मोटरची ट्रॉली."

"आना की. पन मोटरीला मानसं वळखता येत्यात व्हय?"

तालमीसाठी त्यानं ट्रॉली रिकामीच पाण्यापर्यंत नेली. परत ओढताना मात्र ती जड लागली, बरोबर एका माणसाएवढी. अलीकडच्या टोकाला येताच ती हलकी झाली, जणू कोणी उतरलं. त्यानं चाकं पाहिली, रूळ पुसले. सांगावं, तर म्हणतील म्हातारा थकला.

मग शौनक वर बसला. सत्तर किलो, शिवाय दोन वडापाव. पाण्यापर्यंत ते सगळं वजन कानिफनाथच्या हातात नीट होतं.

परतीला ट्रॉली नुसत्या बोटांनी आली.

वर शौनक बसलेलाच होता, डोळा कॅमेऱ्याला लावून. "वा काका! इतकी अलगद ट्रॉली कधी बघितली नाही. मोटर रद्द!"

तो हसत खाली उतरला. कानिफनाथचे तळहात अजून दांडीवरच होते. कोणी उतरल्याचं त्या हातांना कळलं नाही.