एका नानची रांग

भट्टीपुढे दोन रांगा होत्या. भिंतीकडची लांब, घरादारासाठी नान नेणाऱ्यांची. दाराकडची आखूड, ज्यांना एकच हवा त्यांची. अक्दस खानुम आज पहिल्यांदाच आखूड रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे एक शिपाई होता, त्याच्यापुढे एक कॉलेजातला मुलगा. मागे कुणी नव्हतं.

डोक्यावरून घेतलेल्या चादरीखाली तिने रुमाल मुठीत धरला होता. रुमालाच्या एका टोकाला नानचे पैसे गाठ मारून ठेवलेले, दुसऱ्या टोकाला पनीरचे. पेन्शन यायला आठवडा होता. हिशेब तिने सकाळीच करून ठेवला होता. अर्धा नान आज ताजा, उरलेला उद्या पाण्याचा हात लावून. पनीरचा तुकडा खाऱ्या पाण्यात ठेवला की टिकतो. चहा घरात होता.

"अगं अक्दस! डोळे गेले का तुझे?"

लांब रांगेतून इफ्फत हात हलवत होती. शेजारच्या गल्लीतली तिची जुनी मैत्रीण. लेकीच्या बाळंतपणासाठी अख्खा हिवाळा मशहदला काढून ती कालच काशानला परतली होती.

"ती एकट्यांची रांग आहे, बाई. इकडे ये. एका नानवर यदुल्ला आगांचं भागेल होय? ते नुसत्या कुरकुरीत कडा खाऊन वर विचारतात, न्याहारीला काय आहे म्हणून."

रांगेतले काही जण हसले. काही हसले नाहीत. भट्टीशी उभ्या असलेल्या उस्ता रजबचा लांब दांड्याचं फावडं हवेतच थांबलं. अक्दसचा नवरा यदुल्ला गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, त्याच्या चाळिसाव्याला, त्याने स्वतःहून नान पाठवले होते. त्याने अक्दसकडे पाहिलं. तिने हलकेच नकारार्थी मान हलवली.

तिला सांगता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण इफ्फतच्या बोलण्यात तो अजून न्याहारीला बसलेला होता. त्याला तिथून उठवायचं तिच्या जिवावर आलं.

"चुकलेच गं," म्हणत ती लांब रांगेत गेली. इफ्फतने तिला आपल्यापुढे घेतलं. मागच्या गृहस्थाने हा काय हमाम आहे का जागा धरायला, असं विचारलं, तेव्हा इफ्फतने त्याला हमामात जायची गरज कुणाला आहे ते सांगून टाकलं. मग ती नातवाच्या पोटदुखीवर बोलली, आणि जावयाच्या चिकटपणावर. जावई म्हणे तांदूळ मोजून शिजवायला लावतो. माणसं काय मोजून जेवतात? अक्दस हसली. इफ्फतबरोबर ती नेहमीच हसत आली होती.

"आणि आगांचा गुडघा?"

"आता दुखत नाही," अक्दस म्हणाली.

नंबर आला तसं इफ्फतनेच सांगितलं, खानुमना तीन, नेहमीसारखे. रजबने अक्दसला हळूच विचारलं, "खानुम, तीनच देऊ?"

"तीन."

पहिली गाठ पुरली नाही. दुसरी घट्ट बसली होती, ती तिने दातांनी सोडली. रजब म्हणाला, राहू द्या, तुमच्यापुढे पैशाचं काय. असं सगळेच दुकानदार म्हणतात आणि मग घेतात. रजबने दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा अक्दसने पैसे तराजूखाली सरकवले आणि नान उचलले.

बाहेरच्या जाळीच्या टेबलावर दोघींनी नान पसरले. भट्टीत ज्या खड्यांवर ते भाजतात, त्यातले काही गरम खडे अजून त्यांना चिकटलेले होते. एकेक खडा नखाने काढून खाली टाकायचा, बोट भाजलं की कानाच्या पाळीला लावायचं. वर्षानुवर्षं दोघी हे करत आल्या होत्या. इफ्फतने आपले नान मोठ्या कापडात गुंडाळले आणि कुणी तरी ओळखीचं दिसलं म्हणून ती चार पावलं पलीकडे गेली.

घरून निघताना अक्दसने लहान फडका घेतला होता. त्यात एकच नान बसला.

उरलेले दोन हातावर टाकून नेता आले असते. वाळवले असते, तर पेन्शन येईपर्यंत पुरले असते. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आज गुरुवार होता. टेबलाच्या दाराकडच्या कोपऱ्यात गुरुवारी लोक गेलेल्या माणसाच्या नावाने काहीबाही ठेवतात. कुणी खजूर, कुणी हलवा. चाळिसाव्यानंतर एकाही गुरुवारी तिला तिथे काही ठेवता आलं नव्हतं. खजुराचा भाव ती दर वेळी विचारत होती आणि पुढे जात होती.

तिने दोन्ही नानचे तळहाताएवढे तुकडे केले आणि त्या कोपऱ्यात रचून ठेवले. कुरकुरीत कडा वर येतील असे.

शिपायाने जाता जाता एक उचलला. त्याचे ओठ हलले, मग त्याने घास तोंडात टाकला. कॉलेजातल्या मुलानेही तसंच केलं.

इफ्फत परत आली. गरम नान समोर असताना हात आवरणारी ती नव्हती. तिळाची कड असलेला तुकडा तिने बरोबर शोधून काढला.

"फातिहा कुणाच्या नावाने म्हणायचा गं?" तिने विचारलं. "कोण गेलं?"

अक्दस फडक्याला गाठ मारत होती. ती गाठ मारून झाली, तरी तिची बोटं तिथेच राहिली.

इफ्फतने त्या लहानशा फडक्याकडे पाहिलं. मग दाराकडच्या आखूड रांगेकडे. घास तिच्या हातातच निवत राहिला.