ओडेन्थालबाईंचं काम

जर्मनीत नेकार नदीकाठच्या त्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम चालायचं. विब्के तिथे नवीनच होती.
"डोळे घडवणाऱ्या जनुकाचं नाव 'नेत्रहीन'? काहीतरीच!"
"अगं, ते बिघडलं आणि माशी बिनडोळ्यांची निपजली, तेव्हा कुठे त्याचं काम कळलं. मग नावही तेच पडलं," तिथले म्हातारे संशोधक राइनहोल्ट म्हणाले.
तेवढ्यात कचेरीतून फॉर्म आला. दिवसभर माश्यांच्या बाटल्या टकटकवत हिंडणाऱ्या ओडेन्थालबाई नेमकं करतात काय? त्यांचं पद ठेवायचं का?
कुणालाच धड सांगता येईना.
"पंधरा दिवस सुट्टीवर धाडू त्यांना," विब्के म्हणाली. "बघू काय बिघडतं ते."
दहाव्या दिवशी बाटल्यांतली माश्यांच्या खाण्याची लापशी बुरशीनं पांढरी झाली होती आणि एकही अळी वळवळत नव्हती.
विब्केनं फॉर्म ओढला आणि पदाच्या नावापुढे लिहिलं, 'माशीहीन'.