चौथा भाग

पियानो पुन्हा वाजू लागला आणि ग्रंथपालबाईंच्या हातातलं पुस्तक गळून पडलं. गुरुवार होता, दुपारचे चार.

"मी सांगत नव्हतो?" शिपाई कुजबुजला. "मागच्या गुरुवारीही हेच. सरांच्याच खोलीतून. आणि चावी बघा, इथं खिळ्याला लटकतेय."

सर म्हणजे बाईंचा नवरा. या संगीत शाळेत त्यानं वीस वर्षं पियानो शिकवला. गुरुवारी चारला इथला रियाज आटपून तो परगावी शिकवणीला जायचा, तो शुक्रवारीच परतायचा. आठ महिन्यांपूर्वी बसल्या जागी गेला. त्याच्याजवळची दुसरी चावी नंतर सापडलीच नाही.

बाईंनी रचना लगेच ओळखली. त्यानंच बांधलेलं रॅगटाइम, जुन्या अमेरिकी नाचऱ्या ढंगाचं. डावा हात संचलनातल्या पावलांसारखा एकसारखा. खाली एक जाड स्वर, वर स्वरांचा झुबका, पुन्हा खाली. उजवा मात्र ठोक्याला हुलकावणी देत कधी आधी, कधी नंतर उतरणारा.

"डावा संसार करतो, उजवा उनाडक्या," तो हसून म्हणायचा. ही रचना त्यानं कागदावर कधी उतरवली नाही. ऐकली होती ती फक्त बाईंनी.

बाई भिंतीला धरून चालू लागल्या. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात पट्टी बदलली, चाल मवाळ झाली. आता थांबणार, त्यांना ठाऊक होतं. चौथा भाग त्याला कधी सुचलाच नव्हता. "राहू दे की अपुरं," म्हणत तो झाकण लावायचा.

पियानो थांबला नाही.

डाव्या हाताची पावलं तशीच पडत राहिली आणि उजवा असा काही खुलला, की बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आठ महिने अडलेलं रडू फुटलं. मेल्यावर का होईना, त्यानं पूर्ण केलं. आपल्यासाठी.

"बाई, आत नका जाऊ!"

"माझाच माणूस आहे. मला काय करणार तो?"

त्यांनी दार ढकललं. ते उघडंच होतं.

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दचकून उठली. चौदा-पंधरा वर्षांची असेल. पियानोवर चावी ठेवलेली.

"सॉरी काकू. मागच्या जिन्यानं आले. चावी बाबांची आहे. त्यांची फार आठवण आली की येते."

बाई पियानोजवळ गेल्या. "हा शेवटचा भाग... कुठं शिकलीस?"

"बाबांनीच शिकवला. गुरुवारी घरी आले की आधी हाच वाजवायचे. आईसाठी बांधलाय ना त्यांनी." मुलीनं बाहीनं डोळे पुसले. "तुम्ही इथंच काम करता ना, काकू? ओळखायचात तुम्ही माझ्या बाबांना?"