लखलखीत सुऱ्या

पाव्हणा यायच्या आत सुऱ्या लख्ख झाल्या पाहिजेत, एवढंच सारजाबाईच्या डोक्यात होतं. प्यायच्या पाण्याचा हंडा तळाला गेलेला, तरी त्यातलं तांब्याभर तिनं खर्ची घातलं. आधी चिंच, मग राख, अन् वरून पॉलिशपेपर. अंगणात बसून एकेक पातं तिनं असं रगडलं, की दंडातून कळा निघायला लागल्या. पण काय लखलखत होत्या म्हणता!

आता तुम्हीच सांगा, बाजाराला न्यायचा बैल कुणी शेणामातीसकट नेतं का? त्याला धुतात, शिंगं साळतात, रंगवतात, कपाळाला गोंडा बांधतात. माहेरी चकलांब्याला तिनं जन्मभर हेच पाहिलेलं. विकायची वस्तू कशी डोळ्यांत भरली पाहिजे. अन् ह्या सुऱ्या तर काळ्याकुट्ट, डागाळलेल्या, पेटीत पडून राहिलेल्या. मालक अधूनमधून नुसता तेलाचा बोळा फिरवायचे. पुरुषाच्या जातीला घासायची अक्कल कुठली असायला!

मालक म्हणजे तिचा नवरा, भगवानराव. सुऱ्या त्यांच्याच. साखर कारखान्यावर संचालक होते तेव्हा सहकाराच्या मीटिंगांना गावोगाव फिरायचे. बाकीचे संचालक पाहुणचार झोडायचे, अन् हा माणूस आपला गावातलं जुनं लोहाराचं घर हुडकत हिंडायचा. शिकारीच्या सुऱ्या, कुणा देशमुखासाठी नाहीतर जहागीरदारासाठी हातानं घडवलेल्या. स्वतः जन्मात कधी ससासुद्धा मारला नाही. वेड होतं, दुसरं काय!

मग पाऊस गेला, ऊस गेला, कारखान्याला कुलूप लागलं. राहिली ती मोसंबीची बाग. पोर पाठीला बांधून सारजाबाईनं स्वतः लावलेली. औंदा विहिरीनं तळ दाखवला. विकतच्या टँकरनं पाणी घातलं तर झाडं मृगापर्यंत तगणार होती, नाहीतर गेलीच म्हणायची. म्हणून सुऱ्या पेटीतून बाहेर निघाल्या.

दुपारच्या आत भगवानराव गेवराईच्या स्टँडवरून पाव्हण्याला घेऊन आले. पुण्याचे सबनीस, जुनी हत्यारं जमवणारे. फोटो बघूनच एवढ्या लांब आलेले. ओसरीत सतरंजीवर सुऱ्या मांडल्या होत्या, त्यांचे कवडसे भिंतीवर नाचत होते. सारजाबाई पदर सावरून दाराशी उभी राहिली. आता वाहवा होणार, याची तिला खात्री होती.

भगवानराव पायरीवरच थांबले.

सबनीसांनी एक सुरी उचलली. भिंगातून पातं न्याहाळलं, मुठीजवळ बोट फिरवलं. दुसरी उचलली. तिसरीला हात लावलाच नाही.

"ह्या कधी घासल्या?"

"सकाळीच की," सारजाबाई हौसेनं बोलली. "लई काळ्या पडल्या व्हत्या."

सबनीसांनी भिंग खिशात घातलं. माणूस वाईट नव्हता. त्यालाच बोलणं जड जात होतं. "फोटोत मुठीपाशी कारागिराचा ठसा होता, बाई. पोलादावर काळसर लहरी होत्या. लोक त्याच्यासाठीच तर घेतात. आता ह्या कालच्या सुऱ्या झाल्या. यांचं वय पुसलं गेलं."

तिला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं. चौकटीला धरून ती तशीच उभी राहिली.

"मीच सांगितलं व्हतं तिला घासायला," भगवानराव म्हणाले. "चूक माझी हाय."

कधी सांगितलं होतं? उलट पेटीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. परक्या माणसासमोर तिची अब्रू राखायला धडधडीत खोटं बोलत होते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"एखादी तरी घेऊन जातो," सबनीस चाचरत म्हणाले.

"नका घेऊ, साहेब. तुमच्या कामाची न्हाई राहिली."

सबनीस चहालाही थांबले नाहीत. काळीपिवळीत बसून परत गेले. भगवानराव खांबाला टेकून बसले. सारजाबाई त्यांच्यापुढं मटकन खाली बसली.

"आवं, बोला की कायतरी. माझी माती झाली. बाग घालवली म्या!"

भगवानरावांनी तिचा हात ओढून मांडीवर घेतला. तळवे सोलून निघाले होते. "कशापायी एवढं रगडलंस गं," ते म्हणाले. तिच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या.

तेवढ्यात बांधावरून हॉर्न वाजला. टँकर! सुऱ्या विकल्यातच जमा धरून भगवानरावांनी स्टँडवर जाताजाता सांगून टाकला होता. ते उठायच्या आत सारजाबाईनं तोंड पुसलं अन् स्वतःच बांधावर गेली.

टाकी काठोकाठ भरलेली. झाकणातून पाणी सांडत होतं अन् चाकाखालची माती ते घटाघटा पीत होती. ड्रायव्हरनं पाइप खांद्यावर घेतला.

"मावशी, कंच्या ओळीपासनं धरू?"

"आमची बाग वाळली, बाबा. दुसरीकडं ने पाणी."

ड्रायव्हरनं तिच्या मागं पाहिलं. पानं जरा मुरडली होती, एवढंच. "झाडं तर हिरवी हायत की, मावशी."

"वाळली म्हणलं ना!" सारजाबाई ओरडली. बागेकडं मात्र तिनं वळून पाहिलं नाही.